घर सजलं, पण आई बसणार कुठं?

मागच्या दिवाळीआधी लेकीबरोबर पुण्यात एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात गेले होते. घ्यायचं काही नव्हतं, पडदे बघायचे होते एवढंच. फिरता फिरता एका कोपऱ्यात पाय थबकले. तिथं चक्क तांब्याचा बंब! लख्ख घासलेला, त्यावर गोल काच बसवलेली आणि काचेवर एक फुलदाणी. दुकानातली मुलगी लगबगीनं पुढे आली. "मॅडम, हा साइड टेबल आहे. ट्रान्झिशनल लुक. म्हणजे थोडं जुनं, थोडं नवं. सध्या खूप चालतंय." किंमत विचारली तर म्हणाली, पस्तीस हजार.

मी काहीच बोलले नाही. लेक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. कारण तीनच वर्षांपूर्वी वाईतला वाडा सोडताना आमच्या घरचा असाच बंब मी भंगारवाल्याला किलोच्या भावानं घातला होता. तोटी गळते, ठेवायला जागा नाही, फ्लॅटमध्ये गीझर आहे, मग हे धूड कशाला, असं मीच म्हणाले होते. हातात साडेपाच हजार पडले, तेव्हा चांगला सौदा झाला असंच वाटलं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट पैशांची असती तर इथं लिहिली नसती. पण त्या दिवशी एसटीनं परत येताना वाईपर्यंत एकच विचार डोक्यात घोळत होता. आपलं घर आपण नेमकं कुणासाठी सजवतो?

आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, जागा बिल्डरकडे गेली आणि आम्ही दोन खोल्या, हॉल, किचन अशा फ्लॅटमध्ये आलो. दगडी जोतं, कडीपाटाचं छत, कोनाडे, खुंट्या, परसातली तुळस, सगळं मागे राहिलं. मला मात्र नव्या घराची कोण हौस! लग्न होऊन आल्यापासून त्या वाड्यात एक खिळासुद्धा माझ्या मनानं ठोकला गेला नव्हता. तेव्हा आता सगळं माझ्या पसंतीचं, असं ठरवूनच टाकलं होतं. इंटिरिअरवाला बोलावला, पीओपी झालं, काचेचा टीपॉय आला, पांढरट सोफा आला. शोकेसमध्ये काचेची हरणं आणि भिंतीवर बाजारात मिळालेलं कसलंसं परदेशी बागेचं चित्र. येणारी जाणारी माणसं "वा, अगदी टीव्हीतल्यासारखं घर झालंय हो!" म्हणायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

असे पंधरा दिवस गेले असतील. एक दिवस दुपारी बघते तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेल्या. गुडघे दुखतात, खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी जरा चिडूनच म्हणाले, "आई, एवढा मोठा सोफा आहे, तिथं का नाही बसत?"

तर म्हणाल्या, "बसले होते गं. पण त्यात रुतायला होतं, उठता येत नाही. शिवाय भाजी निवडायला घेतली तर डाग पडायची भीती. तूच सांग, मी बसू कुठं?"

त्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. साधा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. एक लाख रुपयांच्या वर खर्च करून मी हॉल सजवला होता आणि त्यात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला टेकायला जागा ठेवली नव्हती.

वाड्यात त्यांची जागा ठरलेली होती. ओसरीवर एक सागवानी बाकडं होतं. भाजी निवडणं, वाती वळणं, पेपर वाचणं, गणपती घाटाकडे जाणाऱ्या बायकांशी बोलणं, सगळं त्या बाकड्यावर. घर हलवताना ते बाकडं आम्ही धाकट्या दिरांच्या मळ्यावर पाठवून दिलं होतं. पुढच्याच रविवारी मी ह्यांना घेऊन मळ्यावर गेले. बाकड्यावर खताची पोती रचलेली! पोती उतरवली, टेम्पोत घालून बाकडं घरी आणलं. इंटिरिअरवाला म्हणाला, "ताई, हे मॅच होणार नाही." मी म्हटलं, "नाही झालं तर नाही झालं."

सुताराकडून डुगडुगणारा पाय नीट करून घेतला, पॉलिश मारलं आणि ते बाकडं हॉलच्या खिडकीपाशी ठेवलं. आमच्या बचत गटातल्या बायका वाकळ फार सुंदर शिवतात. सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्यांची एक जाडसर वाकळ शिवून घेतली आणि बाकड्यावर घातली. आणि काय सांगू, सगळ्या हॉलचा नूरच पालटला! पांढरट भिंत, साधा सोफा आणि त्यात ते तपकिरी बाकडं आणि त्यावर हिरव्या-जांभळ्या लुगड्यांचे तुकडे. हॉलमध्ये आलेली नजर आधी तिकडंच जाते. आता सासूबाई तर तिथं बसतातच, पण मुलगा अभ्यासाला तिथंच पसरतो आणि ह्यांचा सकाळचा चहाही तिथंच. सोफा बिचारा पाहुण्यांची वाट बघत असतो.

तेव्हा मला जे उमगलं ते एवढंच, की जुन्या-नव्याचा मेळ म्हणजे नव्या खोलीत एक घंगाळ ठेवून त्यात प्लास्टिकची फुलं खोचणं नव्हे. जुनी वस्तू घरात आली तर ती वापरात यायला हवी आणि तिच्यामागे घरातलं एखादं माणूस असायला हवं. दुकानातून पस्तीस हजारांचा बंब आणला तर तो नुसता बंब असतो. घरचा असता तर त्याच्या मधल्या नळीत ढलप्या घालून दिवाळीच्या पहाटे पाणी तापवणारे सासरे त्याच्यासोबत घरात राहिले असते.

बचत गटाच्या कामानं मी पुष्कळ घरांत जाते. एक गोष्ट सगळीकडे दिसते. हॉलवर सगळा खर्च आणि आत काहीच नाही. हॉल लोकांसाठी, आतल्या खोल्या आपल्यासाठी. म्हणजे आपल्यासाठी काहीही चालतं, असंच ना? मला वाटतं, सुरुवात आतून करावी.

स्वयंपाकघर घ्या. आपला अर्धा दिवस तिथं जातो. ट्रॉल्या जरूर करा, त्या सोयीच्याच आहेत. पण पितळी डबे माळ्यावर टाकून स्टीलचे नवे आणण्याऐवजी त्यातले चार खाली काढा आणि त्यात डाळी, रवा भरा. ओट्यामागच्या साध्या पांढऱ्या फरशीवर ते फार उठून दिसतात. पितळी पातेल्यात शिजवायचं असेल तर मात्र कल्हई हवीच आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवू नये, हे आपल्या आज्या सांगत आल्या ते खरंच आहे. आणि एक सांगू? ओट्याजवळ बसायला एक उंच स्टूल ठेवा. कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

झोपायच्या खोलीत नवा पलंग, साधी भिंत, आणि पायथ्याशी आईनं लग्नात दिलेली पेटी. जागा लहान असली तर पेटीत पांघरुणं मावतात आणि वर गादी घातली की बसायलाही होतं. खणाच्या कापडाचे अभ्रे सुरेख दिसतात. पण पडदे, चादर, अभ्रे असं सगळंच नक्षीचं करू नका. एक नक्षीचं असेल तर दोन साधी हवीत. मी तर हिशेबच ठेवलाय, एका खोलीत जुन्या वस्तू दोन किंवा तीन. त्यापुढे गेलं की घर न दिसता अडगळीची खोली दिसायला लागते.

जुनी पैठणी फ्रेम करून लावायची फॅशन आली आहे. लावा, पण थेट ऊन येतं त्या भिंतीवर नको, रंग उडतो. वारली चित्रं तर आता चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत सगळीकडे आहेत. ती मुळात लग्नाच्या वेळी सुवासिनींनी घराच्या भिंतीवर काढायची चित्रं. चौकात पालघट देवी मांडल्याशिवाय लग्न लागत नसे. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छापील चादर घेण्याऐवजी एखाद्या कलाकाराच्या हातचं लहानसं चित्र घेतलं तर भिंतही सजते आणि पैसे योग्य हातात जातात.

देवघराचंही तेच. जागा वाचवायला देव्हारा भिंतीवर उंच ठोकतात आणि पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उभं राहवत नाही. आम्ही जुना देव्हारा मजबूत टेबलावर ठेवला, खुर्चीवर बसून हात पोचेल इतक्या उंचीवर. शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत नाही, पण सासूबाईंची पूजा निवांत होते.

आता एक कडू गोष्ट. तांब्या-पितळेच्या वस्तू मांडायची हौस सगळ्यांना असते. त्या चिंच-मीठ लावून घासायच्या कुणी? दर पंधरा दिवसांनी काळवंडलेली समई आणि घंगाळ कुणाच्या पुढ्यात येतात, हे मी सांगायला नको. घराची शोभा सगळ्यांची आणि तिची धूळ मात्र एकटीची, हा कुठला न्याय? आमच्याकडे आता नियम आहे. जी वस्तू ज्यानं हौसेनं मांडली, ती त्यानं पुसायची. ह्यांनी कौतुकानं आणलेल्या दोन पितळी हत्तींना रविवारी हेच पीतांबरी लावतात. तिसरा हत्ती काही अजून आलेला नाही!

आपल्या घरातल्या या साध्या वस्तूंना किंमत असते, हे ओळखलेला एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी जन्मभर वस्तू जमवल्या. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंचंच त्यांना वेड. पत्नी कमलाबाईंची त्यात मोठी साथ होती. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. बाजीराव रस्त्याजवळचं ते राजा दिनकर केळकर संग्रहालय जमलं तर जरूर बघा. काचेआडचे ते अडकित्ते आणि वज्री बघताना मला सारखं वाटत होतं, या सगळ्या बायकांच्या हातातल्या वस्तू आहेत. कुणा तरी बाईचं आयुष्य त्यांच्या सोबतीनं गेलं आहे. आणि आपण त्या किलोवर विकतो.

याचा अर्थ सगळं जुनं कवटाळून बसा असं मी मुळीच म्हणत नाही. वाड्यातलं जातं मी ठेवलं नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. त्यानं सासूबाईंचे खांदे कायमचे दुखायला लावले, त्याची कसली शोभा! त्यांनीच ते हसत हसत देऊन टाकलं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ज्यांनी ती वस्तू वापरली त्यांना विचारून ठरवावं, एवढंच म्हणणं आहे. माझी चूक तीच झाली. बंब विकताना मी भंगारवाल्याला भाव विचारला, सासूबाईंना विचारलंच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घराला रंग द्यायच्या आधी, पडदे निवडायच्या आधी एक काम करा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, या घरात तुझी आवडती जागा कोणती? मुलांना विचारा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि हो, स्वतःलाही विचारा. माझं उत्तर मला बराच वेळ सुचलं नव्हतं. शेवटी गॅलरीत तुळशीशेजारी एक वेताची खुर्ची ठेवली. हा लेख तिथंच बसून लिहिते आहे.

परवा लेकीच्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या. एक जण बाकड्यावर हात फिरवत म्हणाली, "आजी, किती छान अँटिक पीस आहे हो!"

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, बाकडं माझ्या लग्नानंतरचं आहे. अँटिक तर मी आहे. ये, बस शेजारी."