वही सर्वांची, सत्ता कोणाची?

आपले लेखन आणि आपले स्नेहसंबंध एका कंपनीच्या वाड्यात ठेवावेत आणि तिने मनास येईल तेव्हा दार लावून घ्यावे, ही स्थिती स्वाभिमानी माणसास रुचणारी नव्हे. म्हणूनच ब्लॉकचेनवर उभारलेल्या समाजमाध्यमांचे आकर्षण आम्ही जाणतो. तेथे नोंदवहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. झालेली नोंद कोणा एकास पुसता येत नाही.

परंतु स्टीमिटचा अनुभव ध्यानात घ्या. २०१६ साली निघालेल्या या माध्यमाचा कारभार निवडून आलेल्या २० 'साक्षीदारां'कडे मुख्यत्वे असे. मात्र मताचे वजन नाण्यांवर ठरे. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली. धास्तावलेल्या साक्षीदारांनी कंपनीची नाणी गोठविली. मार्चमध्ये नाण्यांचे व्यवहार करणाऱ्या काही पेढ्यांनी ग्राहकांच्या ठेवीतील नाणी मतदानास लावली आणि ते साक्षीदार पदच्युत झाले!

त्याच महिन्यात असंतुष्ट सभासदांनी वहीची प्रत घेऊन 'हाइव्ह' हे स्वतंत्र जाळे उभारले. वही सर्वांची होती, म्हणूनच हे शक्य झाले. हे तिचे खरे सामर्थ्य होय. पण तेथेही मत मोजले जाते ते नाण्यांच्याच मापाने.

मालक नाहीसा झाला म्हणजे समता आली असे नव्हे. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व येथे आहे काय, असा प्रश्न नव्या माध्यमाच्या उंबरठ्यावर निर्भयपणे विचारा; मगच आपले शब्द त्याच्या हवाली करा.