धरणाचे पाणी आणि आपले खेळाडू

सुरतेत आमच्या घरी तापीचा विषय निघाला, की २००६ च्या ऑगस्टमधील पुराची आठवण निघतेच. उकाई धरणातून पाणी सोडले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. मला तेव्हा काही कळतही नव्हते. पण त्या पुराने घरात एक कायदा करून ठेवला : पोरांनी नदीकडे फिरकायचे नाही. तापीकाठी वाढूनही विसाव्या वर्षी मला पोहता येत नाही, हे सांगताना लाज वाटते.

असा माणूस नौकांच्या शर्यतीवर लिहितो, याचे हसू येईल. पण २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधील स्लालम टीव्हीवर पाहिली आणि विचार थांबेना. उसळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या १८ ते २५ जोड्या. हिरव्यांतून प्रवाहाबरोबर जायचे, तांबड्यांतून प्रवाहाविरुद्ध. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंद दंड, जोडी चुकली तर पन्नास! कयाकमध्ये बसून दुहेरी वल्हे मारायचे, कनूमध्ये गुडघ्यांवर बसून एकेरी. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने दोन्हींत सुवर्णपदक मिळवले. भारताचा मात्र एकही खेळाडू तेथे नव्हता.

का नव्हता? आपल्याकडे पाणी नाही म्हणून? १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले. त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकच्या निमित्ताने हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्ये आला. त्यासाठी जर्मनांनी ऑग्सबर्ग येथे लेख नदीचे पाणी वळवून खास मार्ग बांधला. सिडनीकरांनी २००० साली पेनरिथ येथे तर पंपांनी पाणी वर चढवून कृत्रिम प्रवाह निर्माण केला. म्हणजे तिकडे खेळासाठी वीज खर्च होते. आपल्याकडे वीज तयार झाल्यावर उसळते पाणी आपोआप मिळते!

कॉस्टिंगच्या तासाला आपण उपउत्पादन शिकतो. साखर करताना मळी निघते; शहाणा कारखानदार ती फेकत नाही. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी कोलाडजवळ कुंडलिकेत उसळते. माझे आजोळ दांडेलीचे. तेथे सुपा धरणाच्या वीजगृहातून सुटलेले पाणी गणेशगुडीजवळ काळी नदीत उसळते. दोन्हीकडे पर्यटकांचे राफ्ट चालतात. मग त्याच प्रवाहावर दोर बांधून काही खांब टांगायला कोणाची हरकत आहे?

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ. नाव महाग असते, हे खरे. पण ती एका मुलाची असावी असे कोठे आहे? क्लबच्या चार नावांवर चाळीस मुले शिकू शकतात. मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर हा खेळ रुजला आहे. २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धेतील स्लालम तेथेच झाली. तीच नर्मदा पुढे आमच्या शेजारच्या भरूचवरून समुद्राला मिळते.

धोक्याचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. धरणाचे पाणी पहिल्यांदा शेतीचे, पिण्याचे आणि विजेचे. खेळासाठी एक थेंबही जास्त मागू नये. पाणी केव्हा सुटणार हे कळल्याशिवाय, पोहणे, लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि जाणता शिक्षक यांशिवाय कोणी प्रवाहात उतरू नये. पण भीतीवरचा उपाय नदीला पाठ दाखवणे हा नव्हे. पाठ फिरवून उभे राहणाऱ्यालाच पूर आधी गाठतो.

आपल्या या अंकाचे मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. कुंडलिका यांची आणि काळी त्यांची, असा वाद न घालता दोन्ही विभागांच्या मित्रांनी मिळून जिमखान्याकडे एवढीच मागणी करावी : आधी प्रत्येकाला पोहणे शिकवा, मग वर्षातून एकदा काळीवर शिबिर न्या. पदकाचे पुढे पाहू.

माझे नाव यादीत पहिले लिहावे. बाबांची परवानगी मी काढतो. ते नाही म्हणाले तर दांडेलीचे अज्जा माझ्या बाजूने बोलतीलच.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग २