‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’वरील दोन आक्षेप

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही कादंबरी १८९७ साली मासिकातून क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मंगळवासी इंग्लंडमधील वोकिंगजवळच्या माळरानावर उतरतात, तीन पायांच्या प्रचंड यंत्रांतून उष्णकिरण व विषारी काळा धूर सोडून लंडन ओस पाडतात आणि अखेर पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंना बळी पडतात, एवढेच तिचे कथानक. सव्वाशे वर्षे लोटली तरी ती आवडीने वाचली जाते. आपल्याकडे मात्र तिच्याविषयी दोन आक्षेप ऐकू येतात. मंगळावर कोणी राहत नाही हे कळल्यावर या पोरकट कल्पनेत उरले काय, हा पहिला. धर्मगुरूची टवाळी करणारे पुस्तक ख्रिस्ती मुलांच्या हाती कशाला द्यायचे, हा दुसरा. पुस्तक नीट वाचणाऱ्याला यांपैकी एकही पटणार नाही.

१९६५ साली मरिनर-४ या यानाने ओसाड, विवरांनी भरलेल्या मंगळाची छायाचित्रे पाठवली, हे खरे. पण या कादंबरीचा प्राण मंगळात कधी नव्हताच. मंगळवासीयांना क्रूर ठरवण्यापूर्वी युरोपियनांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा केलेला संहार आठवा, असे वेल्स पहिल्याच प्रकरणात बजावतात. (ते लोक नामशेष झाले अशी त्यांची समजूत होती, वस्तुतः त्यांचे वंशज आजही आहेत.) १८९७ हे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे वर्ष. साम्राज्य वैभवाच्या शिखरावर असताना या लेखकाने इंग्रज माणसाला जीव मुठीत धरून पळायला लावले आणि जिंकलेल्यांच्या वाट्याला काय येते ते त्याला भोगायला लावले. १९३८ मध्ये अमेरिकेत रेडिओवर आणि १९५३ मध्ये हॉलिवूडच्या पडद्यावर ही कथा आली, तेव्हा थरार राहिला आणि हा आरोप गळून पडला. त्याचा दोष मूळ कादंबरीला का द्यावा?

आता दुसरा आक्षेप. कादंबरीत एक अँग्लिकन सहायक धर्मगुरू आहे. संकट येताच तो खचतो. इतकी सेवा केली, त्याचे हेच का फळ, असा आक्रोश करतो. पडक्या घरात लपले असता तो भ्रमिष्ट होऊन ओरडू लागतो, तेव्हा निवेदकच त्याच्यावर घाव घालतो आणि मंगळवासी त्याचा देह ओढून नेतात. चित्र कठोर आहे. शिवाय वेल्स यांनी १९४३ साली कॅथलिक चर्चवर कडवट टीकेचे पुस्तक लिहिले, हेही लपवण्याचे कारण नाही. परंतु देवाशी देवाणघेवाणीचा व्यवहार मांडणारी श्रद्धा संकटात टिकत नाही, हे ईयोबाचा ग्रंथ वाचणाऱ्यांना नवे आहे काय? पुढे त्या मृत्यूचे ओझे उरावर घेऊन निवेदक अंधारात मनापासून प्रार्थना करतो. माणसाच्या सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या मुक्या जीवांची करुणा त्याला तेव्हा येते. हा उतारा टवाळखोराच्या लेखणीतून उतरत नाही.

शेवटाविषयीही एक गैरसमज आहे. जंतूंनी आक्रमकांचा नाश केला म्हणजे सृष्टी नेहमी दुर्बळांची बाजू घेते, असे कोणी समजू नये. अमेरिकेत युरोपियनांबरोबर आलेल्या देवीच्या रोगाने तिथल्या मूळ रहिवाशांचाच बळी घेतला. ही कादंबरी क्रमशः छापून येत होती त्याच वर्षी आपल्या मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. शहरातील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतले कित्येक क्रूस त्या साथीच्या काळातले आहेत. वेल्स यांचा निवेदकही विजयोत्सव करीत नाही. आपण वाचलो, पण आपल्या कर्तृत्वाने नव्हे, ही जाणीव त्याला सोडत नाही.

म्हणून पॅरिशच्या वाचनालयातून हे पुस्तक काढू नका. नसेल तर आणा. मुलांनी ते वाचल्यावर त्यांना एवढेच विचारा, की आपल्याहून दुबळ्यांशी आपण कसे वागतो? उत्तर देताना मोठ्यांचीही अडचण होईल. अशी अडचण करणारी पुस्तके घरात असलेलीच बरी.