शुक्रवार, रविवार आणि बोट

शनिवारी पोहोचायचे, रविवारी बेट पाहायचे आणि सोमवारी परतायचे, असा आमचा बेत होता. ग्लासगोला असलेल्या भाईजानना तो फोनवर वाचून दाखवला, तर ते हसायलाच लागले. "रविवारी काय पाहणार? रविवारी तिथे बसच नसते."

बेटाचे नाव लुईस. स्कॉटलंडच्या वायव्येला, मुख्य भूमीपासून मिंच नावाच्या समुद्राने तोडलेले. दक्षिणेकडच्या भागाला हॅरिस म्हणतात. नावे दोन, पण जमीन एकच. ते निवडले आमच्या अम्मींनी. मुलांना लंडन हवे होते. पण भाईजाननी एकदा अम्मींना तिथे बुडालेल्या एका बोटीची हकीकत सांगितली होती आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती. अम्मींचे थोरले चाचा १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीवर होते. कोकणातल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. अम्मी आता सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. पुन्हा एवढा प्रवास होईल असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणून बेत चुकवून चालणार नव्हते.

मग आम्ही वही घेतली आणि बेटाचा आठवडा आधी समजून घेतला. लुईसवर प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत आणि रविवार ते फार कसोशीने पाळतात. रविवारचे विमान २००२ साली सुरू झाले, रविवारची बोट तर २००९ च्या जुलैमध्ये, आणि दोन्ही वेळा बराच विरोध झाला. आता रविवारी एकदोन ठिकाणची दारे उघडी दिसतात. पण बस नाही, आणि बहुतेक दुकाने बंद. मुलांनी तोंडे वाकडी केली. त्यांना आम्ही एवढेच विचारले, की आपल्या गावात जुम्याच्या वेळी बाजारपेठ शांत असते, तेव्हा बाहेरचा माणूस कुरकुरला तर आपल्याला कसे वाटेल?

आम्हाला शुक्रवारही हवा होता, कारण बेटाचे मुख्य गाव स्टॉर्नोवे येथे मशीद आहे. २०१८ च्या मे महिन्यात, रमजानच्या तोंडावर ती उघडली. आउटर हेब्रिडीज नावाच्या त्या सगळ्या बेटांवरची ती पहिली. फाळणीच्या आधीपासून पंजाबातून आलेले लोक तिथे पेटीत कपडे घेऊन दारोदार विकत फिरत. त्यांची मुलेनातवंडे तिथलीच झाली. इतकी वर्षे नमाज घरातच होत असे. तेव्हा नवा बेत असा झाला: गुरुवारी पोहोचायचे, शुक्रवारी जुमा, शनिवारी बसने फिरणे, रविवारी थांबणे, सोमवारी हॅरिस, मंगळवारी परत. शिवाय मुंबईच्या विमानाआधी ग्लासगोत दोन दिवस मोकळे ठेवले. भाईजान म्हणाले, "बेटावरून परतण्याचा दिवस वारा ठरवतो, आपण नाही."

ब्रिटनचा व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो, तो लगेच मागावा. ग्लासगोहून इनव्हर्नेसपर्यंत रेल्वे, साडेतीन तासांच्या आत. तिथून उल्लापूल बंदरापर्यंत बस, सुमारे दीड तास. मग बोट, पावणेतीन तासांच्या आसपास. विमानाने तासाभरात जाता येते, पण आम्हा सहा जणांचे भाडे पाहून वही मिटावी लागली. बोटीवर मोटार नेणाऱ्यांना उन्हाळ्यात जागा मिळणे कठीण होते. पायी जाणाऱ्यांना तेवढी अडचण नसते. म्हणून मोटार स्टॉर्नोवेला एका दिवसापुरती भाड्याने घेतली. भारतीय परवाना तिथे वर्षभर चालतो आणि गाड्याही आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात. मात्र आतले कित्येक रस्ते एका गाडीपुरतेच असतात. जागोजागी थांबण्यासाठी फुगवटा ठेवलेला असतो, तिथे थांबून समोरच्याला वाट द्यायची. तो हात वर करतो, आपणही करायचा.

खाण्याबद्दल एक सूचना. स्टॉर्नोवेचे 'ब्लॅक पुडिंग' प्रसिद्ध आहे. नाव ऐकून आमच्या धाकट्याला ते चॉकलेटचे काहीतरी वाटले. ते रक्ताचे असते! न्याहारी सांगताना आधीच स्पष्ट बोलावे. मासळी मात्र उत्तम मिळते. शनिवारी संध्याकाळी पाव, दूध, अंडी आणून ठेवली, कारण रविवारी धावाधाव नको. मेच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा मगरिब दहाला. इशासाठी तिथल्या मशिदीचे वेळापत्रक घ्यावे, आपल्या मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

शनिवारची बस पश्चिम किनाऱ्याने गोल फिरते. कॅलनिशचे उभे दगड सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रोवलेले आहेत. आर्नॉल गावात जुने 'काळे घर' जपले आहे. दुहेरी दगडी भिंतींमध्ये माती, वर गवताचे छप्पर, मधोमध चूल, धुराडे नाही, गुरे आणि माणसे एकाच छपराखाली. अम्मी आत वाकून गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या आजोळी असंच होतं, फक्त दगड जांभा." पाट्या गेलिक आणि इंग्रजी दोन्ही भाषांत होत्या. तिथल्या कौन्सिलने २०२० पासून पहिलीच्या मुलांसाठी गेलिक माध्यम हेच नेहमीचे ठरवले; इंग्रजी हवे असेल तर पालकांनी तसे सांगायचे. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आम्हाला ते ऐकून हेवा वाटला, दुसरे काय.

रविवारी टॅक्सी मिळेल की नाही ही धास्ती होती, म्हणून शुक्रवारीच सांगून ठेवली होती. रस्ते रिकामे, फक्त चर्चकडे निघालेली काळ्या कपड्यांतली माणसे. होम नावाच्या ठिकाणी गाडी थांबते, पुढे पायवाट. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, महायुद्ध संपवून घरी येणाऱ्या नाविकांची 'आयोलेअर' बोट तिथल्या खडकांवर आदळली. २०१ माणसे गेली. बंदराचे दिवे समोर दिसत होते. एक नाविक दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला, त्या दोरावरून सुमारे चाळीस जण वाचले.

वारा इतका, की अम्मींचा दुपट्टा दोघांनी धरला होता. खडक किती जवळ आहेत हे पाहून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "चाचांनाही किनारा दिसत असेल का रे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. 'रामदास' बुडाली ती कासाच्या खडकाजवळ, सकाळी, जोराच्या पावसात. अम्मी दगडावर बसून राहिल्या. टॅक्सीवाला गाडीत वाट पाहत होता. त्याला वेळ जास्त झाल्याचे पैसे देऊ लागलो, तर त्याने ते घेतले नाहीत. त्याच्या आजीचा भाऊ त्या बोटीवर होता, एवढेच म्हणाला.

सोमवारी हॅरिस झाले. मंगळवारी वारा वाढला आणि आमची सकाळची बोट दुपारी सुटली. इनव्हर्नेसची रेल्वे चुकली, तिथेच रात्र काढावी लागली. मोकळे ठेवलेले दोन दिवस होते, त्यातला एक गेला.