निरोप ऐकून नको, जाहीरनामा वाचून मत द्या

काँग्रेसच्या प्रदेश प्रतिनिधी बंधू-भगिनींनो,

17 ऑक्टोबर 2022 ला पक्षाध्यक्षपदासाठी मतदान आहे. 22 वर्षांनी मतपत्रिका आपल्या हाती येते आहे. 2000 साली सोनियाजींसमोर जितेंद्र प्रसाद यांना 94 मते पडली. 1997 साली आपले शरद पवार सीताराम केसरींसमोर 882 मतांवर थांबले. यंदाही ‘वरून निरोप आहे’ अशी कुजबुज सुरूच आहे. गांधी कुटुंबाने तर आपण तटस्थ असल्याचे कळवले आहे. मग निरोप कोणाचा?

दोन उमेदवारांपैकी मल्लिकार्जुन खरगे आपल्याला परके नाहीत. महाराष्ट्राचे प्रभारी होते, मराठी बोलतात, कर्नाटकात विधानसभा सलग नऊ वेळा जिंकलेत. दलित घरातला हा माणूस खालपासून कष्टाने वर आला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पक्षाच्या उदयपूर शिबिरातला ठराव अमलात आणू, निम्मी पदे पन्नाशीच्या आतल्यांना देऊ, असे ते म्हणतात. पण ती माणसे निवडणार कोण? ‘सर्वांशी चर्चा करू’ एवढ्यावर आमचे समाधान होत नाही.

शशी थरूर 2009 साली पहिल्यांदा खासदार झाले. संघटनेत त्यांचा अनुभव कमी, हे खरेच. पण त्यांनी जाहीरनाम्यात लिहून दिले आहे: अधिकार दिल्लीतून खाली यावेत, प्रदेश, जिल्हा, ब्लॉकच्या अध्यक्षांना खरी सत्ता मिळावी. कार्यकारिणीच्या निवडणुकीचा आग्रहही त्यांनी उघडपणे धरला आहे. पक्षाच्या घटनेप्रमाणे त्यातल्या 12 जागा मतदानाने भरायच्या असतात. 1997 नंतर ते मतदान झालेलेच नाही!

वीरच्या वाडीत सभासद नोंदणीला फिरताना एका आजीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “बाबा, ह्याच्यावर सही केली तं पुढारी आमी निवडायचा काय?” मी मान खाली घातली. फॉर्म तिच्या हातातच राहिला.

आपल्या महाडात नुसत्या कागदाची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, 1924 साली नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः पाण्यात उतरावे लागले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: थरूर यांना द्या. खरगेसाहेबांना द्यायचे असेल तर त्याआधी कार्यकारिणीच्या निवडणुकीचा शब्द त्यांच्याकडून जाहीरपणे घ्या.

मतदान गुप्त आहे. कोणाला दिले, ते आम्ही विचारणार नाही. मुंबईहून परत आलात की वीर स्टेशनवर एवढेच विचारू: दोघांचे म्हणणे वाचून गेला होतात ना?

– महाड तालुक्यातील एक काँग्रेस कार्यकर्ता, वीर