बुबुळावरचा ओरखडा आणि विद्यापीठे

आजऱ्याच्या परिसरात भातही पिकते आणि ऊसही. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. मळणीच्या वेळी भाताचे कूस उडते. डोळ्याला त्याचा नुसता स्पर्श झाला तरी बुबुळावर ओरखडा उठतो. ओरखडा किरकोळच, परंतु पाल्याबरोबर आलेली बुरशी त्यात रुजली की व्रण होतो, आणि लोक ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात ते अंधत्व कायमचे पदरी येते. वस्तुतः हा शेतमजुराचा व्यवसायजन्य रोग होय.

विद्यापीठीय संशोधनाने त्याच्याकडे पाठ फिरविली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत नॅटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले. नेपाळमधील भक्तपूर येथे तर गावच्या आरोग्यसेवकांनी ओरखड्यावर साधे क्लोरॅम्फेनिकॉल मलम लावले. इजेनंतर अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही, असे २००१ साली नोंदले गेले. मात्र पुढे तुलनेसाठी वेगळी गावे ठेवून नेपाळातच झालेल्या मोठ्या चाचणीत, २०२२ साली, अशा योजनेमुळे व्रणांचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. तो अधिक नेमका झाला आहे.

इकडे पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधनातून एका दुर्मिळ आनुवंशिक अंधत्वावर जनुकोपचार सिद्ध झाला. अमेरिकेत २०१७ साली त्याला मान्यता मिळाली आणि दोन डोळ्यांची किंमत ठरली साडेआठ लाख डॉलर! त्या संशोधनाची थोरवी निर्विवाद आहे. पण बाजारपेठ गरज मोजीत नाही, क्रयशक्ती मोजते. आणि ऊसतोड मजुराची क्रयशक्ती शून्याच्या आसपास असते. त्याच्या डोळ्यावरील संशोधन सार्वजनिक पैशातूनच व्हावयास हवे.

ते करावयाचे कोणी? कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. परंतु तेथील वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर कृषी महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाकडे. डोळा एकाकडे, ऊस दुसऱ्याकडे आणि मजुरीचे अर्थशास्त्र तिसऱ्याकडे, अशी ही वाटणी! रोगाला ती ठाऊक नाही. तोडणीची मजुरी टनावर मिळते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि खाडा पडला की उचल फिटत नाही. असा मजूर डोळा चुरचुरतो म्हणून फड सोडून दवाखाना गाठेल काय? घामाने धूसर होणारा चष्मा तरी तो का घालील?

तिन्ही विद्यापीठांनी मिळून आजऱ्यासारखा एक तालुका निवडावा. सुगी आणि गळीत हंगामात डोळ्याच्या प्रत्येक इजेची नोंद घ्यावी; इजा आणि उपचार यांत किती तास गेले व का गेले हे विचारावे; मजूर खरोखर वापरील असा चष्मा फडातच तपासून पाहावा. आणि उपचारासाठी पडलेल्या खाड्याची मजुरी या प्रयोगाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरावी.