छत्री तीच, पॅक वेगळा: सीमाभागातल्या मराठी टीव्हीचं गणित

बेळगाव, निपाणी किंवा खानापुरात डीटीएच घेतलं की बसवायला आलेला मुलगा बऱ्याचदा कर्नाटकाचा पॅक लावून मोकळा होतो. पत्ता कर्नाटकातला, म्हणून पॅक कन्नड. मराठी हवं असेल तर वेगळे पैसे. इंदूर-बडोद्यातल्या मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही, तिथे फक्त पॅकची भाषा बदलते.

तांत्रिक अडचण म्हणाल तर काहीच नाही. कंपनी सगळ्या वाहिन्या एका केंद्रातून उपग्रहाकडे पाठवते आणि सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरून त्या जवळजवळ अख्ख्या देशावर उतरतात. कोल्हापूरच्या गच्चीवर जे येतं, तेच बेळगावच्या पत्र्यावर. फक्त ते कुलूपबंद असतं. आपण पैसे भरले की कोणतं कुलूप उघडायचं हा निरोपही आकाशातूनच बॉक्सला मिळतो. म्हणजे मराठी वाहिनी आपल्या छत्रीवर येऊन थांबलेलीच असते, दार उघडायचं तेवढं बाकी. (मुसळधार पावसात चित्र गोठतं ती गोष्ट वेगळी. तिथे कन्नड-मराठी भेद नाही!)

2019 पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनी सुटी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, पत्ता कुठलाही असो. पण सुटी वाहिनी पॅकमधल्यापेक्षा महाग पडते, आणि दर महिन्याचा हा फरक माणूस किती दिवस सोसणार?

2003 मध्ये डिश टीव्ही आलं तेव्हा या धंद्याला धार मिळाली ती केबलची तार न पोचलेल्या गावांमुळे. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीत आजही छत्रीच कामाची. पण पैसे भरून डीटीएच घेणारी घरं घटत चालली आहेत. एकेकाळी सात कोटींवर गेलेला आकडा मार्च 2025 अखेर 5.7 कोटींच्या आसपास आला. शहरातली घरं ब्रॉडबँडकडे वळली, गावाकडची बरीच दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशकडे.

आपला खरा प्रश्न इथे आहे. फ्री डिशवर सह्याद्री मिळते, पण खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते. लाखो-कोटी मोजून जागा घेणारी वाहिनी ते पैसे जाहिरातींतून काढणार, आणि जाहिरातदार बघतो टीआरपी. बार्कच्या आकडेवारीत मराठीचा बाजार म्हणून धरला जातो तो महाराष्ट्र आणि गोवा. बेळगावातल्या घरात रोज रात्री मराठी मालिका लागली तरी मराठीच्या त्या खात्यात ती मोजली जात नाही. मग आपल्यासाठी पॅक स्वस्त करा, असं कंपनीला सांगायचं कुठल्या आकड्याच्या जोरावर? निदान वाहिन्यांच्या संघटनेकडे आणि ट्रायकडे सीमाभागाची स्वतंत्र मोजणी मागायला हवी. ट्राय सल्लामसलतीचे मसुदे वेळोवेळी जाहीर करते आणि त्यावर कुणीही लेखी मत पाठवू शकतं.